संहितेवाचून नाटक

‘ज्याला संहिता नाही ते नाटक नव्हे, फार तर ते नाटकाचे बालपण होय’, असे मत गेल्या हिवाळ्यात अकोल्यास झालेल्या एका चर्चेत एका विद्वान वक्त्यांनी मांडले, आणि समोर बसलेल्या आम्हां प्राध्यापकमंडळींपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. माझीही मान अर्धी हलली होती, हे आरंभीच कबूल करितो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे अमरावतीस इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेली, म्हणजे जे छापलेले असते तेच वाङ्मय आणि ज्याला पृष्ठांक आहेत तेच आधारास घेण्याजोगे, अशी एक सवय मानेला लागून जाते. परतीच्या प्रवासात मूर्तिजापूर मागे पडल्यावर मात्र एकाएकी लक्षात आले की, ज्या प्रयोगावरून आपण मराठी रंगभूमीचा वाढदिवस मोजतो, त्या प्रयोगालाच वक्त्यांच्या अर्थाने संहिता नव्हती!

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्यातील पदे भाव्यांची. ती सूत्रधाराने म्हणावयाची, आणि मधले बोलणे ज्या त्या पात्राने प्रसंग ओळखून आपल्या तोंडाने करावयाचे, अशी रीत होती. पुढे १८८५ साली भाव्यांनी ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला. त्या नावातच सारे आले. छापण्याजोगे जे होते ते त्यांनी छापले, म्हणजे कविता. बोलणे त्या त्या रात्री बोलले गेले आणि संपले. दरम्यान १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले, इंग्रजी-संस्कृत नाटकांची भाषांतरे आली, आणि पुस्तकावरून पाठ करून केलेल्या या नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणू लागले. आमच्या वाङ्मयेतिहासात हा शब्द गमतीदाखल येतो व जातो. मला तो फार बोलका वाटतो. त्या काळच्या प्रेक्षकास नवल वाटले ते संहिता नसल्याचे नव्हे, असल्याचे.

परंतु वर्गात आम्ही काय शिकवितो? एक शिडी शिकवितो. तळाच्या पायरीवर लळित, दशावतार, दंडार, तमाशा. त्याच्या वर भावे. त्याच्या वर कीर्तने. मग १८८० चे किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’. आणि असे चढत चढत आपण आजच्या सुशिक्षित नाटकापर्यंत येऊन पोहोचतो. ही शिडी आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्या लोकांनीच उभारली, आणि तिच्या माथ्यावर आपणच बसलो आहो हे पाहून समाधान मानले. मी लिहिलेल्या नाटकाचा द्वेष्टा नव्हे. ज्या वऱ्हाडात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वकिली सांभाळून नाटके लिहिली, आणि ज्या अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांनी १९२७ साली बळवंत संगीत मंडळीस ‘रणदुंदुभि’ दिले, तेथल्या माणसाने असला द्वेष करणे कृतघ्नपणाचे होईल. माझे म्हणणे इतकेच की पत्र आणि संभाषण या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. संभाषण हे पत्राचे बालपण होय असे कोणी म्हणत नाही.

आता ‘संहिता नाही’ याचा अर्थ ‘तयारी नाही’ असा जो सरसकट घेतला जातो, त्याकडे वळू. हा गैरसमज दोन टोकांच्या लोकांत सारखाच आढळतो. विद्वानांस वाटते की तोंडाला येईल ते बोलणे ही कला नव्हे; आणि हल्लीच्या काही उत्साही तरुणांस वाटते की तोंडाला येईल ते बोलणे हीच कला! दोघांनीही कोकणातील दशावतार एकदा रात्रभर बसून पाहावा. सावंतवाडीकडील एका जत्रेत मी तो पाहिला, आणि खेळापेक्षा खेळाआधीचा तास मला अधिक शिकवून गेला. नटमंडळी रंगपटात तोंडे रंगवीत बसली होती, आणि मंडळीचा प्रमुख आजचे आख्यान सांगत होता: कोण कोणाचा पुत्र, शाप कोणी दिला, कोणाच्या प्रवेशानंतर कोणी यावयाचे, युद्ध कोठे, उःशाप कोठे. संवादाचे एक अक्षरही त्याने सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. जो तो रंग लावता लावता ऐकत होता. मग आडदशावतार झाला, गणपती येऊन गेला, संकासुराने लोकांस हसविले, आणि मध्यरात्र उलटल्यावर त्या सांगाड्यातून पहाटेपर्यंत पुरेल एवढे नाटक उभे राहिले. सामग्री म्हणाल तर एक बाकडे, पायपेटी, पखवाज आणि झांज.

हे होते कसे? त्यात जादू काही नाही. कथेची हाडे सर्वांस ठाऊक असतात. राजाने दरबारात शिरताना काय बोलावे, राक्षसाने गर्जना कशी करावी, वियोगात पडलेल्या स्त्रीने दैवास कोणत्या शब्दांनी दोष द्यावा, याचा मोठा साठा प्रत्येक नटाच्या जिभेवर वर्षानुवर्षांच्या श्रवणाने जमलेला असतो. तो साठा म्हणजे भिंतीच्या विटा; भिंत दर रात्री नवी. पखवाजी नटाच्या पावलाकडे पाहत असतो आणि नट पखवाजाच्या बोलाकडे कान देऊन असतो. प्रसंग लांबू लागला तर थाप अशी पडते की शहाणा नट दोन वाक्यांत आवरते घेतो. इटलीतील जुन्या मुखवट्यांच्या विनोदी नाटकाची रीत याहून वेगळी नव्हती. फ्लामिनिओ स्काला या नटाने १६११ साली अशा नाटकांचे पन्नास सांगाडे छापले. त्यांत प्रवेश-निर्गम आहेत, कारस्थाने आहेत, संवाद नाहीत. संवाद नटांचे. गोल्दोनीचे दोन धन्यांच्या नोकरावरील प्रसिद्ध नाटकसुद्धा १७४५ साली साक्की नावाच्या नटासाठी सांगाड्याच्या रूपात जन्मले, आणि प्रयोग होऊन गेल्यावर काही वर्षांनी गोल्दोनीने ते पुरते लिहून काढले. म्हणजे कागद मागाहून आला.

इतके दूर जाण्याचे तरी कारण काय? ख्याल गाणारा गवई बैठकीस बसतो तेव्हा त्याजपाशी दोन ओळींची बंदिश असते, आणि पाऊण तासाचे गाणे असते. या दोहोंमध्ये जे आहे त्याला आपण उपज म्हणतो, आणि ती नसली तर गवयास पोपट म्हणतो. त्याने आलापीचा लेखी मसुदा आधी सादर करावा, असे आजवर कोणत्याही संगीतसभेने म्हटल्याचे ऐकिवात नाही. नारदीय कीर्तनाचा घाट पाहा. पूर्वरंगात अभंग लावावयाचा, उत्तररंगात आख्यान सांगावयाचे, आणि श्रोता अभंग विसरला आहे असे वाटते न वाटते तोच आख्यानातून वळून पुन्हा त्याच अभंगावर यावयाचे. गाण्यात जी सम, तीच येथे. सारे आपापल्या वाटेने भटकून एका ठिकाणी एका क्षणी येतात, आणि ते येणे आधी लिहून ठेवलेले नसते म्हणूनच मान डोलते.

अमेरिकेतील शिकागो शहरात १९५५ साली ‘कंपास’ आणि १९५९ साली ‘सेकंड सिटी’ या मंडळ्या निघाल्या; व्हायोला स्पोलिन या बाईंनी मुलांच्या खेळांवरून बसविलेले त्यांचे पाठ १९६३ साली ग्रंथरूपाने आले; आणि १९६७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डेल क्लोज व त्याच्या सोबत्यांनी ‘हॅरल्ड’ नावाचा एक लांब घाट बसविला. नाव थट्टेत पडले. त्यास अर्थ नाही. प्रेक्षकांकडून एक शब्द घ्यावयाचा, त्यावरून परस्परांशी संबंध नसलेले तीन प्रसंग उभे करावयाचे, मधून मधून सर्वांनी मिळून एखादा खेळ खेळावयाचा, त्याच प्रसंगांकडे पुन्हा पुन्हा परतावयाचे, आणि अखेरीस ते धागे एकमेकांत गुंतवावयाचे. आमचे तरुण हे सारे परदेशी शोध म्हणून शिकतात. शिकू द्यावे, त्यात वावगे काही नाही. फक्त त्या मंडळींचा जो पहिला नियम, की सोबत्याने जे म्हटले ते नाकारावयाचे नाही, ‘होय’ म्हणावयाचे आणि त्यात आपली भर घालावयाची, तो ऐकून त्यांचे डोळे विस्फारतात तेव्हा मला आमचा झीलकरी आठवतो. शाहिराने ओळ टाकली की तो मागून ‘जी जी’ करतो. सुशिक्षितांनी या जी जी ची फार चेष्टा केली. परंतु ते जी जी म्हणजे कानांनी ऐकू येणारा होकारच होय. तू जे म्हणालास ते मी ऐकले, ते खरे धरले, आता पुढे चल. तमाशातील सरदार आणि सोंगाड्या यांची बतावणी याच होकारावर चालते. सोंगाड्या सरदाराच्या शब्दाचा भलताच अर्थ करील, त्याला खिंडीत गाठील, पण सरदाराने समोर नदी आहे म्हटले तर ‘येथे नदी कोठे आहे?’ असे तो कदापि म्हणणार नाही. तो धोतर वर खोचील. दादू इंदुरीकरांचे ‘गाढवाचं लग्न’ किंवा दादा कोंडके यांनी वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या वगात घातलेला धुमाकूळ ज्यांनी पाहिला, त्यांना छापील पुस्तक हाती घेतल्यावर ते एवढेसे का वाटते, याचे कारण सांगावयास नको. सोंग कोणालाही आणता येते. संपादणी करावी लागते. ‘संपादणी’ हा आपला जुना शब्द. तो विसरून आम्ही इंग्रजी शब्द उसना आणला आहे.

आता आमच्या घरच्या माणसाविषयी. संहितेवाचून लोकांस रात्र रात्र बसवून ठेवणारा सर्वांत थोर पुरुष या अमरावती जिल्ह्यातच, शेंडगावी, १८७६ साली जन्मास आला, आणि अमरावतीजवळच वलगावानजीक पेढी नदीच्या परिसरात २० डिसेंबर १९५६ रोजी त्याने देह ठेविला. गाडगेबाबांस मी नट म्हणतो याने कोणाच्या भक्तीस धक्का बसत असेल तर क्षमा असावी. मी ते आदरानेच म्हणतो. आपल्या परतवाड्यास जन्मलेले गो. नी. दांडेकर यांनी बाबांचे चरित्र लिहिले. परंतु बाबांच्या कीर्तनाची रीत काय होती, याचा नाट्यदृष्टीने विचार आमच्या अभ्यासक्रमात मला कोठे आढळला नाही. बाबा गावात येत ते खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडीत, रात्री कीर्तनास उभे राहत. आमचे लोक या दोन गोष्टी निराळ्या मानतात: दिवसाची ती स्वच्छता आणि रात्रीचे ते प्रबोधन. मला त्या निराळ्या वाटत नाहीत. जो माणूस सकाळपासून गल्लीगल्लीतून खाली वाकून चालला आहे, त्याला कोणाच्या दारापुढे काय पडले आहे, कोणत्या देवळापुढे बोकड बांधला आहे, कोणाच्या ओसरीवर सावकाराची बैठक आहे, हे रात्रीपूर्वीच कळलेले असणार. खराटा हीच त्यांची तालीम होती.

आणि उभे राहिल्यावर ते व्याख्यान देत नसत, विचारीत असत. खेड्यातल्या माणसास वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकावयाचा, त्याच्या तोंडून उत्तर काढावयाचे, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न उचलावयाचा. शेवटी निष्कर्ष निघे तो बाबांच्या तोंडून नव्हे, समोरच्या हजारोंच्या तोंडून निघे. अखेरच्या दिवसांत मुंबईस वांद्र्याला झालेले त्यांचे एक कीर्तन ध्वनिमुद्रित होऊन राहिले आहे. ते ऐकताना नीट कान द्यावा तो बाबांच्या शब्दांकडे नव्हे. शब्दांनंतरच्या थांबण्याकडे द्यावा. ते थांबतात, लोक उत्तर देतात, आणि पुढचे वाक्य त्या उत्तराच्या सुराला लागून येते. हेच कीर्तन कागदावर उतरवून वाचले तर उपदेश तेवढा उरतो. आमच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांची रीतही कोणीतरी शिकवावी.

येथवर मी दुसऱ्यांस बोल लाविला. आता माझा अपराध सांगतो. काही वर्षांमागे माझ्या वर्गातील सात-आठ मुलांनी संहितेवाचून एक तासाचे नाटक करावयाचे मनावर घेतले. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती जमत. एका संध्याकाळी मी सहज ‘वजनकाटा’ हा शब्द दिला. चाळीस मिनिटांत त्यांनी कापसाचा बाजार उभा केला: अडत्या, हमाल, गाडीवर रात्र काढलेला शेतकरी, आणि त्याच्यासोबत शहर पाहावयास आलेला लहान मुलगा. शेतकऱ्याने भाव विचारला. अडत्या म्हणाला, “भाव काय इचारता बाप्पा, आधी काटा पाहा.” शेतकरी झालेल्या मुलाने काट्याकडे पाहिले, आणि तो काहीच बोलेना. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याने सावकाश झटकला, जणू त्यात चिकटलेला कापूससुद्धा मापात धरला जावा. अडत्या झालेला मुलगा घाबरला; त्याने नजर खाली घातली. त्या दोघांपैकी एकाचेही असे करण्याचे ठरलेले नव्हते. मी इतकी वर्षे शोकांतिका शिकवीत आलो. त्या संध्याकाळी ती पाहिली.

पुढे एका स्पर्धेत नाव द्यावयाचे ठरले. नियम असा की संहिता तीन प्रतींत आधी सादर करावी. मुलांनी मजकडे पाहिले. मी म्हटले, “त्यात काय मोठे? मी लिहून देतो.” दोन रात्री बसून मी ते सारे स्मरणाने लिहिले, सुबक अक्षरात, कंस घालून. त्या जागी मी लिहिले: ‘शेतकरी गप्प राहतो. दुपट्टा झटकतो.’ स्पर्धेच्या दिवशी तो गप्प राहिला आणि त्याने दुपट्टा झटकला. तो मनात आकडे मोजत होता हे मला दहाव्या रांगेतून दिसत होते. अडत्याने नजर खाली घातली, कारण तसे लिहिले होते. प्रयोग चुकला नाही. एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. परीक्षकांनी पाठांतराबद्दल शाबासकीही दिली. मुले परतताना गाडीत एकमेकांशी बोलली नाहीत, आणि त्यानंतर त्या संध्याकाळच्या बैठका बंद पडल्या. त्या संहितेची एक प्रत अद्याप माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुले लिहिण्यापूर्वी एकमेकांचे ऐकत होती. लिहिल्यानंतर आपापले आठवू लागली. माझ्या वाक्यांनी त्यांच्या कानांची जागा घेतली होती.

कोणी म्हणेल, उत्स्फूर्त बोलण्यात पाणचटपणा येतो, अश्लीलता येते, तेच तेच विनोद पुन्हा पुन्हा येतात. येतात, नाकारण्यात अर्थ नाही. विदूषकांनी लिहून दिले त्याहून अधिक बोलू नये अशी तक्रार हॅम्लेटने नटांपाशी केली आहे, आणि ती करण्यासारखी परिस्थिती शेक्सपिअरने पाहिली असली पाहिजे. भाव्यांची परंपराही पुढे राक्षसांच्या ‘अललडुर्र’ आरोळ्यांत जाऊन बसली. परंतु याचे कारण संहितेचा अभाव हे नव्हे. नट घाबरला की हातापाशी असलेल्या सोप्या हशाला मिठी मारतो. आणि कान तयार नसला की तो घाबरतो. वाईट लिहिलेली नाटके आपण थोडी पाहिली काय? त्यांवरून कोणी लेखनावर बंदी घातली नाही. चांगले लिहावयास शिकवा असेच म्हटले. तोच न्याय इकडे लावावा. दुसरा आक्षेप ‘मागे काय उरते?’ हा. खरे आहे, काही उरत नाही. पण कोणत्या संभाषणाचे काही उरते?

या कागदाच्या आग्रहाची दुसरी बाजू सरकारी आहे, आणि ती वाङ्मयीन बाजूहून जुनी आहे. नाटकांवर नजर ठेवणारा इंग्रजांचा नाट्यप्रयोगविषयक कायदा १८७६ चा. योगायोगाने ते बाबांचे जन्मवर्ष. तो कायदा पुढे २०१७ च्या विधेयकाने रद्द झाला. परंतु प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करण्याची महाराष्ट्राची रीत निराळ्या नियमांतली. तिच्याविरुद्ध अमोल पालेकरांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्या वादाच्या कायदेशीर अंगात मला शिरावयाचे नाही. माझा प्रश्न साधा आहे. जे पात्र आज रात्री काय बोलणार हे त्या पात्रासच ठाऊक नाही, त्याचे बोलणे कोणत्याही मंडळास आधी कसे कळवावे? संहिता मागणारा असे समजतो की मी फक्त एक प्रत मागत आहे. वस्तुतः तो त्या नाटकास दुसरे नाटक होण्यास सांगत असतो. मी तीन प्रती लिहून दिल्या तेव्हा मीही तेच केले.

तेव्हा स्पर्धा भरविणाऱ्या आमच्या मित्रांस माझी मागणी अशी की, संहितेच्या जागी कथेचा सांगाडा, पात्रांची यादी आणि प्रवेशांचा क्रम एवढे एका कागदावर घ्यावे, आणि ज्यांना लिहिलेले नाटक करावयाचे त्यांनी पूर्ववत् संहिता द्यावी. परीक्षक दोहोंचे निराळे असावेत. निदान एक तरी असा असावा की ज्याने एखादी रात्र जत्रेत जागून काढली आहे. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मंडळींनी ती शिडी मोडून दोन वाटा आखाव्यात.

या वर्षी नवी मुले जमली आहेत. परवा त्यांचे आवेदनपत्र मी स्वतः भरले. ‘संहिता’ या शब्दापुढील रकान्यात आख्यान पाच ओळींत लिहिले, पात्रांची नावे लिहिली, आणि खाली ‘संवाद त्या दिवशी’ असे लिहून सही केली. मुलांनी ते दोनदा वाचून पाहिले, आणि त्यांतील एकाने विचारले, “सर, घेतील का?” पत्र गेले आहे, उत्तर अद्याप आलेले नाही. बैठका मात्र मंगळवार, गुरुवार आणि शनिवार अशा सुरू झाल्या आहेत.